नोंद तरी व्हायला हवी होती

प्रति,
मा. संपादक,

विषय : फुप्फुसांच्या गंभीर इजेवरील स्टेम सेल उपचार आणि त्याच्या चाचण्या

स.न.वि.वि.

मागच्या रविवारी आपल्या आरोग्याच्या पानावर स्टेम सेलविषयी, म्हणजे मूळ पेशींविषयी, मजकूर आला होता. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाची फुप्फुसं या उपचाराने सावरू शकतात, असा त्याचा सूर होता. शेजारच्या बाई पेपर घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या मालकांना हेच दिलं होतं ना?"

हो, हेच दिलं होतं. म्हणून हे पत्र लिहिते आहे. मी औसा तालुक्यातली जिल्हा परिषद शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका. चौतीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला, डॉक्टरकीतलं मला काही कळत नव्हतं. जे कळलं ते आमचे हे गेल्यानंतर कळलं.

2022 चा श्रावण. पोळा आठवड्यावर आला होता. ह्यांना ताप आला, मग कोरडा खोकला. एस.टी.त एकतीस वर्षं ड्रायव्हर होते, आजारपण अंगावर काढायची सवय. चौथ्या दिवशी सकाळी गोठ्यापासून ओसरीपर्यंत चालत आले आणि खांबाला धरून उभे राहिले. बोलता येईना. बोटाला लावायचं यंत्र कोविडपासून घरात होतं, त्यावर 84 आकडा आला. लातूरला नेलं. एक्स-रे बघून डॉक्टरांनी सांगितलं की स्वाइन फ्लूचा न्यूमोनिया आहे आणि त्यातून एआरडीएस झालंय. दोन्ही बाजू पांढऱ्या दिसत होत्या. रात्रीच अँब्युलन्सने एका मोठ्या शहरातल्या खासगी दवाखान्यात हलवलं आणि पहाटे व्हेंटिलेटर लागला.

एआरडीएस हे एका रोगाचं नाव नाही. न्यूमोनिया, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, स्वादुपिंडाची सूज, पोटातलं श्वासनलिकेत जाणं, विष, अशा कशानेही फुप्फुसाला जबर इजा झाली की ही अवस्था येते. फुप्फुसात हवेचे बारीक बारीक कोश असतात आणि त्यांच्या भिंतीला लागून रक्ताच्या केसासारख्या नळ्या. सूज आली की या नळ्या पाझरायला लागतात आणि कोश पाण्याने भरतात. मग वरून कितीही ऑक्सिजन द्या, तो रक्तापर्यंत पोचत नाही. 1967 साली डॉक्टरांनी पहिल्यांदा 12 रुग्णांवरून या अवस्थेचं वर्णन केलं. पुढे 50 देशांतल्या अतिदक्षता विभागांची पाहणी झाली, ती 2016 मध्ये छापून आली. त्यात एआरडीएस झालेल्या दर दहातले सुमारे चार जण दवाखान्यातच दगावलेले दिसतात. पन्नास वर्षांत यावर नेमकं लागू पडेल असं औषध सापडलं नाही. स्टेम सेलकडे डॉक्टर आशेने बघतात ते याचमुळे. ती आशा खोटी आहे असं मी म्हणणार नाही.

पाचव्या दिवशी संध्याकाळी आयसीयूबाहेर आम्ही सतरंजीवर बसलो होतो. इस्त्रीचा शर्ट घातलेला एक तरुण फाईल घेऊन माझ्यासमोर उकिडवा बसला. "काकू, बाळाच्या नाळेतल्या पेशी आहेत. सलाईनमधून द्यायच्या. नवं फुप्फुस तयार होतं." त्याच्या हातातल्या रंगीत कागदावर मोठ्या अक्षरात 91 टक्के छापलं होतं. एका डोसचे दीड लाख, डोस दोन. आतल्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, देऊन बघायला हरकत नाही, निर्णय तुमचा. माझ्या पाटल्या आणि सुनेचं गंठण असं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सराफाकडे गेलं. सुनेने गळ्यातून काढून दिलं तेव्हा तिला एक शब्दही बोलावा लागला नाही आणि मलाही.

तो डबा मला अजून दिसतो. मोटरसायकलवरून एक पोरगा थर्माकोलचा डबा घेऊन आला, त्याला खाकी चिकटपट्टी लावलेली. डबा टेबलावर ठेवला तसं खालून पाणी ठिबकायला लागलं. सिस्टरने बोळ्याने पुसलं. आत बर्फाच्या विरघळलेल्या पिशव्या आणि मध्ये अंगठ्याएवढी बाटली. बाटलीवरचं लेबल भिजून अर्धं सुटलं होतं. एका इंग्रजी कागदावर माझी सही घेतली. कुटुंबाने स्वतःहून हा उपचार मागितला आहे, एवढंच त्यातलं मला लागलं. तारखेची जागा कोरी होती. पावती म्हणून कोऱ्या कागदावर 'मेडिसिन' आणि रक्कम लिहून दिली.

अकराव्या दिवशी पहाटे हे गेले.

तेराव्यानंतर माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. तो भूलतज्ज्ञ आहे, सरकारी दवाखान्याच्या आयसीयूत काम करतो. मी त्याला सरळ विचारलं, त्या पेशींनी काही झालं असेल का रे? बरं किंवा वाईट? तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "बाई, मला सांगता येणार नाही. आणि आता कोणालाच सांगता येणार नाही. बाटलीत जिवंत पेशी होत्या का, किती होत्या, काय होतं, याची कुठे नोंदच नाही."

पेशींमुळे हे गेले असा माझा आरोप नाही. आजार मोठा होता. पण आमच्या घरातलं सोनं गेलं, माणूस गेलं, आणि त्यातून जगातल्या एकाही डॉक्टरला एक अक्षर शिकायला मिळालं नाही, हे माझ्या मनातून जात नाही. त्या विद्यार्थ्याने पुढे वर्षभर मला निबंध पाठवले, फोनवर समजावून सांगितले. सून इंग्रजी वाचायची, मी वहीत उतरवून घ्यायची. त्या वहीतलं थोडं इथे लिहिते.

पहिलं म्हणजे, नवं फुप्फुस तयार होत नाही. शिरेतून दिलेल्या या पेशी रक्ताबरोबर आधी फुप्फुसातच जातात आणि तिथल्या बारीक नळ्यांत अडकतात, पण बी पेरल्यासारख्या तिथे रुजत नाहीत. काही दिवसांत नाहीशा होतात. तेवढ्या वेळात त्या जे स्राव सोडतात त्याने सूज आवरावी, पाझर थांबावा, अशी अपेक्षा असते. विद्यार्थी म्हणाला, "बाई, गावात भांडण पेटल्यावर चार जाणती माणसं येऊन सोडवून जातात ना, तसं समजा." उंदरांवर आणि इतर प्राण्यांवर याचा चांगला गुण दिसला. माणसांत दिसतो का, हे बघायला चाचणी लागते.

अमेरिकेतल्या पाच विद्यापीठांच्या दवाखान्यांत अशी चाचणी झाली, 2019 मध्ये ती प्रसिद्ध झाली. आधी फक्त 9 रुग्णांना कमी डोसपासून चढत चढत देऊन पाहिलं होतं, धोका होतो का तेवढंच बघायला. मग या दुसऱ्या टप्प्यासाठी 2014 ते 2017 या तीन वर्षांत 1,038 रुग्ण तपासले आणि त्यांतून 60 घेतले. चिठ्ठी टाकावी तशी विभागणी करून 40 जणांना अस्थिमज्जेतल्या पेशी दिल्या, शरीराच्या दर किलो वजनाला एक कोटी. 20 जणांना पेशींविना नुसता द्रव दिला. बाकी सगळे उपचार दोघांना सारखेच. पेशींमुळे थेट अपाय झाला असं आढळलं नाही. पण 28 दिवसांत पेशी दिलेल्या 40 पैकी 12 जण गेले आणि न दिलेल्या 20 पैकी 3. हा आकडा मी वहीत दोनदा तपासून लिहिला. याचा अर्थ पेशींनी माणसं मेली असा निघत नाही, कारण पेशी मिळालेला गट मुळातच जास्त आजारी होता आणि एवढ्या थोड्या माणसांत हा फरक योगायोगानेही येऊ शकतो. पण पेशी म्हणजे जीवदान, असाही निघत नाही.

याच चाचणीतली एक गोष्ट वाचून मी वही मिटून ठेवली होती. गोठवलेल्या पेशी वितळवून द्यायच्या वेळी त्यातल्या जिवंत किती, हे त्यांनी मोजलं. कुठे 85 टक्के जिवंत होत्या, तर कुठे फक्त 36 टक्के. एवढ्या काटेकोर प्रयोगशाळांत ही गत. आमच्या डब्यातून तर पाणी ठिबकत होतं.

त्या रंगीत कागदावरच्या 91 टक्क्यांचाही माग मला लागला. 2021 मध्ये अमेरिकेतल्या मायामी शहरातल्या एका चाचणीत कोविडच्या रुग्णांना नाळेतल्या पेशी दिल्या होत्या. महिन्याने पेशी दिलेल्यांतले 91 टक्के आणि न दिलेल्यांतले 42 टक्के जिवंत होते. आकडा खरा आहे. पण त्या चाचणीत एकूण माणसं होती 24, आणि ते कागदावर नव्हतं. उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टच्या डॉक्टरांनी 60 जणांवर नाळेतल्याच पेशी तपासल्या. अपाय झाला नाही, पण रक्तातला ऑक्सिजनही सुधारला नाही. अमेरिकेत कोविडच्याच रुग्णांवर 300 जणांची चाचणी आखली होती, ती 222 वर थांबवली, कारण फायदा दिसण्याची शक्यता उरली नाही. आपल्या मजकुरात मायामी होती, या दोन्ही नव्हत्या.

संपादक महोदय, त्या साठांतले जे 15 जण गेले, त्यांची नावं कोणाला माहीत नाहीत, पण ते मोजले गेले. कोणाला कोणत्या दिवशी काय दिलं, बाटलीत किती जीव होता, किती दिवस तगले, सगळं लिहिलेलं आहे. पुढची चाचणी आखणारा माणूस ते वाचून डोस बदलतो, पेशी साठवायची रीत बदलतो. आमचे हे कुठेच लिहिलेले नाहीत. माझ्याकडे पैसे मागितले गेले. ह्यांच्या आजारातून काही शिकू द्याल का, असं मला कोणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर मी हो म्हणाले असते. फुकट म्हणून नव्हे. ह्यांनी एकतीस वर्षं परक्या माणसांना सुखरूप पोचवलं होतं, त्यांनाही ते पटलं असतं.

चाचणी म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, गरिबाला उंदीर करणार का? माझ्या भावानेही हेच विचारलं. ती भीती खोटी नाही. देशात चाचण्यांच्या नावाखाली गैरप्रकार झाले, 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला त्यावरून खडसावलं, मग नियम कडक झाले. आज 2019 च्या नियमांप्रमाणे नैतिकता समितीच्या मंजुरीशिवाय चाचणी सुरू करता येत नाही. समितीत किमान सात जण लागतात, त्यातले निम्मे त्या संस्थेबाहेरचे, एक कायदा जाणणारा, एक सामान्य नागरिक. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई द्यावी लागते. संमतीपत्र रुग्णाला कळणाऱ्या भाषेत लागतं, वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदार लागतो. चाचणीची नोंद सरकारच्या सीटीआरआय या नोंदवहीत करणं 2009 पासून सक्तीचं आहे आणि ती इंटरनेटवर कोणालाही फुकट बघता येते. आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट लिहिलंय की सिद्ध न झालेला स्टेम सेल उपचार चाचणीबाहेर देणं अनैतिक आहे, आणि चाचणीत घेतलेल्या रुग्णाकडून त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. म्हणजे आम्ही दीड लाख मोजले त्या क्षणीच ते काय आहे हे उघड होतं. ओळखणारं कोणी आमच्या सतरंजीवर नव्हतं.

उंदीर खरा कोणाचा झाला? ज्याच्यावर समिती नाही, नोंद नाही, मोजणी नाही, त्याचा.

थॅलेसेमिया किंवा रक्ताच्या कर्करोगासाठी जे अस्थिमज्जा प्रत्यारोपण करतात, तेही स्टेम सेलच आहे आणि ते सिद्ध झालेलं आहे. आमच्या गल्लीतल्या एका मुलीसाठी तीच आशा आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिते, कोणी घाबरून माघारी फिरू नये. विडी-तंबाखूने पायाच्या रक्तवाहिन्या बंद पडतात त्या बर्जर्स आजारावर बेंगळुरूत तयार झालेलं स्टेम्प्युसेलही चाचण्या देऊनच औषध नियंत्रकांच्या मंजुरीपर्यंत गेलं. रस्ता आहे, आपल्याच देशातला आहे.

आता एक गोष्ट लिहायला जड जाते. एआरडीएसमध्ये ज्यांनी जीव वाचतात हे चाचण्यांनी सिद्ध केलंय अशा दोन गोष्टी आहेत आणि दोन्हींना सोनं विकावं लागत नाही. व्हेंटिलेटरचा श्वास लहान ठेवायचा, ही एक. 2000 साली 861 रुग्णांच्या चाचणीत त्याने मृत्यू 39.8 टक्क्यांवरून 31 टक्क्यांवर आले. दुसरी, रुग्णाला दिवसाचे सोळा-एक तास पालथं ठेवायचं. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मुख्यतः फ्रान्समध्ये झालेल्या चाचणीत 466 रुग्ण होते. उताणे ठेवलेल्यांतले 32.8 टक्के गेले, पालथे घातलेल्यांतले 16 टक्के. पण नळ्या लावलेल्या माणसाला पालथं घालायला चार-पाच जण लागतात. एकाने फक्त डोकं आणि श्वासाची नळी धरायची. ह्यांना दोनदा घातलं. तिसऱ्या रात्री सिस्टर म्हणाल्या, "आज माणसं कमी आहेत मावशी, सकाळी बघू." मी तेव्हा मान हलवली. मला काय माहीत होतं? त्याच दवाखान्यात दीड लाखाची बाटली चोवीस तासांत आली.

शेजारच्या खाटेवर विशीतला एक पोरगा होता, परभणीकडचा. तणनाशक पोटात गेलेलं, पॅराक्वाट. त्यावर उतारा नाही. ते फुप्फुसात साठतं आणि ऑक्सिजन दिला तर जखम आणखी वाढते, म्हणून डॉक्टर हात राखून ऑक्सिजन देतात. त्याची आई काचेतून बघायची, पोरगं धापा टाकतंय आणि नळी लावत नाहीत. "काऊन लावत नाहीत वो?" असं मला दर तासाला विचारायची. फाईलवाला तरुण तिच्याकडेही गेला होता. तिच्याकडे विकायला काही नव्हतं. ती मला म्हणाली, पैसे असते तर माझं लेकरू वाचलं असतं. ती आजही तेच धरून बसली असेल. ते खरं नव्हतं, हे तिला कोणीतरी सांगायला पाहिजे. पैसे असते तरी त्या बाटलीने तो वाचला असता असं कुठेही दिसलेलं नाही, हे तिच्या कानापर्यंत जावं म्हणूनही मी हे छापायला पाठवते आहे.

आणि याचसाठी मला वाटतं की या चाचण्या मराठवाड्यात व्हायला हव्यात. सोयाबीन-कापसाच्या फवारणीच्या दिवसांत विषबाधेचे रुग्ण कुठे येतात? संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, अंबाजोगाईला, नांदेडला, लातूरला. अमेरिकेतला किंवा बेलफास्टचा रुग्ण वेगळा, आमचा वेगळा. आमच्याकडे रुग्ण उशिरा येतो, आधी गावात दोन सलाईन लावून येतो, वाटेत सत्तर-ऐंशी किलोमीटर जातात. त्याच्यावर पेशी चालतील की नाही, हे आमच्या खाटांवर तपासल्याशिवाय कळायचं नाही. वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, शिकलेले डॉक्टर आहेत. पेशी गोठवून ठेवायची आणि वितळल्यावर मोजायची सोय, नोंदी ठेवणारी माणसं, आणि पालथं घालायला रात्रपाळीला पुरेसे हात, एवढं सरकारने दिलं तर चाचणीत न घेतलेल्या रुग्णाचाही फायदा होईल.

शिक्षिका म्हणून संमतीपत्राबद्दल एक विनंती. व्हेंटिलेटरवरचा माणूस सही करू शकत नाही, सही बायको करते, पोरगा करतो, बहुधा मध्यरात्री. भाषांतराच्या यंत्रातून काढलेलं मराठी तिला समजत नाही. 'यादृच्छिक' लिहू नका, 'चिठ्ठी टाकून ठरवणार' लिहा. वाचून दाखवा. तुमच्या माणसाला पेशी मिळतील किंवा मिळणार नाहीत, बाकी उपचार तेच राहतील, नाही म्हणालात तरी तेच राहतील, हे तिच्या तोंडून परत म्हणवून घ्या. चौथीच्या वर्गात मी हेच करत होते. सीटीआरआयवरची माहितीही प्रत्येक चाचणीमागे दहा ओळी तरी मराठीत असावी.

आणि आपल्याला विनंती अशी की पुढच्या वेळी असा मजकूर छापताना तीन गोष्टी लिहा. एकूण किती रुग्णांवर तपासलं, ज्यांना उपचार दिला नाही त्यांचं काय झालं, आणि रुग्णाकडून पैसे घेतले का. आयसीयूच्या बाहेर तुमचाच पेपर अंथरून आम्ही जेवत होतो. तिथे बसलेला माणूस प्रत्येक ओळ वाचतो.

सोबत त्या पावतीची झेरॉक्स जोडली आहे. दवाखान्याचं नाव मी काळ्या शाईने झाकलंय, आकडा तसाच ठेवला आहे. बाटलीचं सुटलेलं लेबल सिस्टरने केरात टाकण्याआधी मी उचलून पाकिटात ठेवलं होतं, पण त्यावर आता काहीच वाचता येत नाही, म्हणून ते पाठवलेलं नाही.

आपली विश्वासू,
एक निवृत्त मुख्याध्यापिका
ता. औसा, जि. लातूर